फळबागेंतील सरवा

जोंधळा काढून कणसें खळ्यावर गेलीं, कीं मोकळ्या रानांत गोरगरिबांच्या बायका वांकून मागें राहिलेलीं कणसें वेंचीत. त्यांस सहसा कोणी हटकीत नसे. या वेंचणीस मराठींत ‘सरवा’ असा नेमका शब्द आहे, आणि बायबलाच्या मराठी भाषांतरांत रूथच्या कथेला तोच लाभला आहे. विधवा रूथ आपल्या व सासूच्या पोटासाठीं बवाजाच्या शेतांत सातूचा सरवा वेंचते. ती भीक नव्हे. शेताचे कोपरे निपटून कापूं नयेत, द्राक्षमळ्यांत गळालेलीं फळें उचलूं नयेत, तीं गरिबाचीं व परक्याचीं होत, असा लेवीयाच्या १९ व्या अध्यायांत नियमच आहे.

परंतु धान्याचा हा नियम फळास लावतांना एक अडचण येते. कणीस चार दिवस रानांत पडलें तरी त्याची भाकरी होते. पिकला पेरू दुसऱ्या दिवशीं माश्यांचा होतो. शिवाय अनाथाश्रमांतलीं मुलें किंवा वृद्धाश्रमांतले म्हातारे बागेपर्यंत यावयाचे कसे? तेव्हां फळांचा सरवा दुसऱ्या कोणी तरी वेंचून त्याच दिवशीं पोंचविला पाहिजे. तें एकट्यादुकट्याचें काम नव्हे, मंडळीचें आहे. या शब्दाचा ख्रिस्ती अर्थ येथें चांगला लागू पडतो.

बारामती व इंदापूर तालुक्यांत हा प्रश्न पूर्वीं नव्हता. नीरा डाव्या कालव्याखालीं ऊंस झाला, बाकीचें बहुतेक रान जिरायत. १९७० च्या सुमारास ‘कासा’ या चर्चप्रणीत साहाय्यसंस्थेचें धान्य मजुरीदाखल देऊन बारामती भागांत पाझर तलाव बांधले गेले. पुढें इंदापुराकडे उजनीचें पाणी आलें, ठिबकाच्या नळ्या आल्या, आणि माळावर डाळिंब, द्राक्ष व पेरू उभे राहिले. आतां पाणी कमीजास्त झालें कीं डाळिंब तडकतें. मणी बारीक राहिला कीं द्राक्षाचा घड परदेशी जाणाऱ्या पेटींतून बाद होतो. भाव उतरला कीं तोडणीची मजुरीहि सुटत नाहीं. चवीचा दोष यांत बहुधा कांहींच नसतो. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या २०१५ सालच्या पाहणींत पेरूची तोडणीनंतरची नासाडी सुमारें १६ टक्के आढळली.

मराठी चर्चमध्यें हंगामाच्या उपकारस्तुतीस घरोघरचें धान्य, भाजी, फळें येतात व उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. एखाद्या भोपळ्यास बाजारभावाच्या कित्येक पट किंमत यावी, हें तेथें नवल नव्हे. पण त्यांत माल चर्चकडे येतो. सरव्यांत मंडळीनें मालाकडे जावयाचें. अमेरिकेंत १९७९ साली निघालेली ‘सोसायटी ऑफ सेंट अँड्र्यू’ ही संस्था स्वयंसेवकांस शेतांत नेऊन असें वेंचण्याचें काम करीत आली आहे. इकडे पंडिता रमाबाईंनीं केडगांवीं जमीन घेऊन फळझाडें लावलीं तीं आश्रमाचा खर्च आश्रमानेंच भागवावा म्हणून. स्वतःची बाग ठेवणें मात्र फारच थोड्या संस्थांस साधतें.

कामाची रीत साधी, पण काटेकोर आहे. मालकाची आधीं परवानगी, तोडणी उन्हापूर्वीं, सडका नग झाडाखालींच बाजूस काढावयाचा, कारण फुकटचें म्हणून कुजकें देणें हा त्या मुलांचा अपमान होय. माणशीं रोज १०० ग्रॅम फळ, असें आहारतज्ज्ञ सांगतात. म्हणजे २० किलोंचें एक क्रेट २०० मुलांस एक दिवस पुरेल. पन्नास मुलांच्या एका वसतिगृहांत दहा क्रेट उतरविलीं, तर निम्मीं सडतील. म्हणून कोठें किती लागतें तें आदल्या दिवशींच विचारून चार-पांच ठिकाणीं वांटणी करावी लागते.

बवाजानें आपल्या कापणाऱ्यांस पेंढ्यांतूनहि कांहीं कणसें मुद्दाम टाकण्यास सांगितलें होतें. बागाईतदारानें एक-दोन झाडें न तोडतां राखलीं, तर वेंचणाऱ्यांच्या पाटींत तडकलेल्याबरोबर पहिल्या प्रतीचें डाळिंबहि पडेल.