महालांच्या भिंतींतील हिशेब

घरातील मुलाने किंवा मुलीने फ्रेंच भाषेच्या उन्हाळी अभ्यासक्रमासाठी फ्रान्सला जावयाचे ठरविले, की व्यापारी कुटुंबात प्रथम कागद आणि पेन्सिल पुढे येते. प्रवेशशुल्क, विमानभाडे, व्हिसा, विमा, यजमान कुटुंबाकडील निवास अशा रकमा एकाखाली एक मांडल्या जातात. यादीच्या तळाशी ‘ऐतिहासिक स्थळांच्या सहली’ अशी एक नोंद असते, आणि काटछाटीची वेळ आली की पहिली रेघ तिच्यावरच ओढली जाते. मूल भाषा शिकावयास चालले आहे, हिंडावयास नव्हे, हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु लोआर नदीच्या खोऱ्यातील सहलींत विद्यार्थ्याच्या पदरी नेमके काय पडते हे पाहिले, तर ती रेघ ओढण्यापूर्वी हात क्षणभर थांबेल.

पॅरिसच्या नैर्ऋत्येस सुमारे २४० किलोमीटरवर तूर हे शहर आहे. भोवतालच्या तूरेन प्रांतातील फ्रेंच बोली शुद्ध मानण्याची परंपरा जुनी आहे. परदेशी विद्यार्थ्यांना फ्रेंच शिकविणारी ‘आंस्तित्यू द तूरेन’ ही संस्था येथे १९१२ पासून आहे. अशा अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यांची विभागणी ‘ए-१’ ते ‘सी-२’ अशा सहा पायऱ्यांत होते. सकाळी वर्ग भरतात आणि आठवड्याच्या अखेरीस बसने किंवा आगगाडीने जवळच्या महालाची सहल निघते. जाताना शिक्षक एक प्रश्नपत्रिका हाती देतात, आणि सोमवारी वर्गासमोर उभे राहून जे पाहिले ते फ्रेंचमध्ये सांगावे लागते.

पहिला धडा बहुधा कानाचा असतो. फ्रेंचमध्ये ‘कोंत’ या एकाच उच्चाराचे तीन शब्द आहेत. एकाचा अर्थ हिशेब, दुसऱ्याचा गोष्ट आणि तिसऱ्याचा सरदार. लिहिताना तिन्हींची अक्षरे निराळी. बोलताना मात्र फरक शून्य. पुस्तकात हा भेद सहज समजतो. चालता चालता बोलणाऱ्या मार्गदर्शकाच्या तोंडी ‘कोंत’ आले, की कोणता अर्थ घ्यावयाचा हे मागच्या-पुढच्या वाक्यांवरून क्षणात ठरवावे लागते. तूरच्या परिसरात तर तिन्ही अर्थ एकमेकांत गुंतलेले आहेत. कारण येथील कित्येक देखणे महाल राजांनी नव्हे, तर राजाचे हिशेब सांभाळणाऱ्यांनी उभारले.

अकराव्या लुईने १४७० मध्ये तूर येथे रेशीम विणण्याचा उद्योग आणविला. रेशीम, कापड आणि सावकारी यांतून येथे जी श्रीमंत घराणी पुढे आली, त्यांतील माणसे पुढे राजाच्या खजिन्यावर नेमली गेली. जाक द बोन, म्हणजेच सांब्लांसेचा जहागीरदार, हा त्यांतील सर्वांत मोठा. कर गोळा करणे, राजासाठी कर्ज उभारणे आणि प्रसंगी स्वतःच्या पैशातून राजाची नड भागविणे ही त्याची कामे होती. राजाचे आणि स्वतःचे पैसे एकमेकांत मिसळत गेले. पहिल्या फ्रान्स्वाने त्याच्या हिशेबाची तपासणी करविली, तेव्हा राजाच्या खात्यापुरते पाहता उलट राजाच त्याचे देणे लागतो असे निघाले. राजमातेच्या खात्यात मात्र तो देणेकरी ठरला. पुढे १५२५ मध्ये पाव्हियाच्या लढाईत राजा पकडला गेला. सुटून आल्यावर त्याला पैशाची निकड भासली. १५२७ च्या ऑगस्टमध्ये वृद्ध सांब्लांसेला पॅरिसजवळ मोंफोकों येथे फाशी देण्यात आले. तूरमधील त्याचा वाडा १९४० च्या जूनमधील आगीत बव्हंशी नष्ट झाला. उरलेली दर्शनी भिंत आणि कारंजे पाहण्यास विद्यार्थी पायीच जातात. पहिल्या आठवड्यातील ही सर्वांत स्वस्त सहल म्हणावयास हरकत नाही.

दुसरी सहल आझे-ल-रिदोची. आंद्र नदीच्या पात्रातील बेटावर हा महाल १५१८ पासून उभा राहू लागला. बांधणारा जिल बेर्तलो हाही राजाचा खजिनदार, तूरचा नगराध्यक्ष आणि सांब्लांसेचा नातलग. बांधकामावर देखरेख त्याची पत्नी फिलिप लेसबाई हिची होती. दर्शनी जिन्यावर त्यांनी राजाचे चिन्ह, म्हणजे ज्वाळांतील सॅलमँडर, मोठ्या निष्ठेने कोरविले. सांब्लांसेला फाशी झाली त्याच वर्षी बेर्तलो पळून गेला. महाल अर्धवट राहिला, आणि ज्याचे चिन्ह दारावर होते त्याच राजाने तो जप्त करून आपल्या एका सरदाराला दिला. शांत पाण्यात पडलेले महालाचे प्रतिबिंब पाहताना ही हकीकत कानी पडली, की ‘देत’ म्हणजे कर्ज आणि ‘त्रेझोरिए’ म्हणजे खजिनदार हे शब्द पाठ करावे लागत नाहीत.

शेर नदीवरील शेनोन्सो महालाची कथा याच वळणाची. राजाच्या अर्थखात्यातील तोमा बोइए याने ही मालमत्ता १५१३ मध्ये मिळविली. तो कामानिमित्त इटलीत असे. त्यामुळे बांधकाम त्याची पत्नी कातरीन ब्रिसोने हिने करवून घेतले. दोघांच्या मृत्यूनंतर वडिलांच्या नावावरील सरकारी देण्यापोटी मुलाला १५३५ मध्ये हा महाल राजाच्या स्वाधीन करावा लागला. पुढे दुसऱ्या आंरी राजाने तो आपल्या प्रेयसीला, दियान द पुआतिएला दिला. तिने नदीवर पूल बांधविला. १५५९ मध्ये भाल्यांच्या खेळात जखमी होऊन राजा मरण पावला, तेव्हा राणी कातरीन द मेदिची हिने दियानला तेथून हलविले आणि पुलावर साठ मीटर लांबीचे दालन चढविले.

येथेच व्याकरणाचा कठीण भाग सोपा होतो. फ्रेंचमध्ये भूतकाळाची दोन रूपे सतत शेजारी शेजारी वापरावी लागतात. चालू असलेल्या स्थितीसाठी एक, घडून गेलेल्या घटनेसाठी दुसरे. इंग्रजीच्या आधाराने शिकणारा येथे वारंवार अडखळतो. मराठी मुलाला मात्र ‘नदी वाहत होती’ आणि ‘राजा मरण पावला’ यांतील भेद घरातूनच ठाऊक असतो. पुलावरच्या दालनात उभे राहून खालचे पाणी पाहत तो राजाची गोष्ट सांगू लागला, की कोणते रूप कोठे हे त्याला आपोआप उमगू लागते.

अंकांचेही तसेच. आंबुआझच्या गढीत आठवा शार्ल राजा दाराच्या चौकटीवर डोके आपटून १४९८ मध्ये मरण पावला. हे साल फ्रेंचमध्ये ‘हजार, चारशे, चार विसा, दहा, आठ’ असे म्हणावे लागते. नव्वदचा आकडा चार विसा आणि दहा असा होतो, हे ऐकून मुले हसतात. ज्यांच्या आजोबांनी दुकानात कोडीने वस्तू मोजल्या, त्यांना ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही.

सहल वायाही जाऊ शकते. एकाच देशाची मुले बसमध्ये एकत्र बसली, की दिवसभर हिंदी-इंग्रजीच बोलली जाते, आणि सायंकाळी छायाचित्रांखेरीज हाती काही उरत नाही. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. सोबत शिक्षक असतात काय? मार्गदर्शन फ्रेंचमध्ये होते काय? गटात किती विद्यार्थी असतात? प्रवेशपत्राचे पैसे शुल्कात धरलेले आहेत काय?

डब्याची व्यवस्थाही आधीच करावी लागते. ‘व्हेजेतारियां’ एवढाच शब्द आपल्या घरांना पुरेसा नाही. मांस, मासे, अंडी, कांदा, लसूण आणि वर्ज्य असलेली कंदमुळे यांची नावे फ्रेंचमध्ये लिहून यजमान कुटुंबाला आणि संस्थेला आगाऊ कळवावीत. ब्रिओश नावाच्या पावात अंडे असते, आणि अनेक प्रकारच्या चीजमध्ये जनावराच्या जठरातील विरजण वापरतात. हे प्रश्न मुलाने स्वतः दुकानात विचारावेत. त्यातून त्याची भाषाही सुधारते.

शेनोन्सोच्या कथेला एक पुढचा अध्याय आहे. १९१३ मध्ये हा महाल मेनिए या चॉकलेटच्या व्यापारी घराण्याने विकत घेतला. पहिल्या महायुद्धात त्यांनी पुलावरच्या दालनात जखमी सैनिकांचे रुग्णालय चालविले. दुसऱ्या महायुद्धात शेर नदी ही जर्मनव्याप्त आणि मुक्त प्रदेशांमधील सीमा ठरली, आणि दालनाचे दक्षिणेकडील दार मुक्त बाजूला उघडत होते. महाल आजही त्याच कुटुंबाकडे आहे.

सोमवारी सकाळी वर्गात उभा राहणारा विद्यार्थी हे सारे आपल्या तुटक फ्रेंचमध्ये सांगतो. राजाचा पैसा आणि आपला पैसा एकत्र करणाऱ्या दोन घरांचे महाल त्याने पाहिलेले असतात, आणि व्यापाराच्या बळावर शंभराहून अधिक वर्षे जपलेले एक घरही त्याने पाहिलेले असते. तो ‘कोंत’ म्हणतो, शिक्षिका थांबवून विचारतात, ‘कोणते? हिशेबाचे, गोष्टीचे की सरदाराचे?’ आणि त्याला उत्तर देता येते.