काठी हातात – भाग ६ : सही माझी, खातं माझं

‘यांच्यासोबत कोण आलंय?’ बँकेच्या काउंटरवर हा प्रश्न अंध माणसाला विचारत नाहीत. त्याच्या शेजारी जो कुणी उभा असेल त्याला विचारतात, मग तो रांगेतला अनोळखी माणूस का असेना. एटीएम कार्ड, फोन, आधार सगळं आपल्या खिशात असतं, आणि उत्तर मात्र तिसऱ्याकडून हवं असतं.

गेल्या आठवड्यात आपण रस्ता ओलांडायला शिकलो. ते काम काठीचं, कानाचं आणि सरावाचं. बँकेत सराव निम्माच कामाला येतो. उरलेल्या निम्म्यासाठी समोरच्याला नियम माहीत असावा लागतो, आणि तो सांगण्याची पाळी बहुतेक वेळा आपल्यावरच येते.

म्हणून आधी नियम. पूर्वी अंध व्यक्तीला खातं मिळे ते अनेकदा घरच्या डोळस माणसाबरोबर जोडीने. चेकबुक नाही, कार्ड नाही, पैसे काढायचे तर साक्षीदारांसमोर अंगठा. कॉलेजात शिकवणाऱ्या माणसालाही स्वतःच्या पगारासाठी अंगठा उठवावा लागे. याविरुद्धची एक तक्रार केंद्राच्या दिव्यांग मुख्य आयुक्तांपर्यंत गेली आणि सप्टेंबर 2005 मध्ये आदेश आला : अंध व्यक्ती कायद्याने करार करायला सक्षम आहे, तिला बँकेच्या सुविधा नाकारता येणार नाहीत. त्या आधारावर रिझर्व्ह बँकेने 4 जून 2008 रोजी सर्व बँकांना परिपत्रक पाठवलं. चेकबुक (दुसऱ्याच्या नावे चेक देण्याच्या सोयीसह), एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, किरकोळ कर्ज, क्रेडिट कार्ड, सगळं भेदभाव न करता द्यायचं, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे.

तरी नकार येतो. त्यामागे दुष्टपणा क्वचितच असतो, भीती असते : ‘उद्या यांना कुणी फसवलं तर माझ्यावर येईल.’ ओटीपी सांगून आयुष्याची पुंजी घालवणारी डोळस माणसं रोज बँकेत येतात. त्यांचं चेकबुक कुणी काढून घेत नाही. धोका पत्करायचा हक्क त्यांना आहे तर मलाही आहे, एवढंच माझं म्हणणं.

मी आता काउंटरवर वाद घालत नाही. अर्ज घरून टाइप करून नेतो, त्यात परिपत्रकाची तारीख घालतो आणि दोन प्रती ठेवतो. एक द्यायची, दुसरीवर शिक्का मारून पोच घ्यायची. ‘आमच्याकडे असं देत नाहीत’ म्हणाले की शांतपणे एवढंच म्हणायचं : ‘चालेल, तसं लेखी द्या.’ मी एका शाखेत हे म्हटल्यावर माझा अर्ज काउंटरवरून उठून थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला, आणि मला तिथे चहाही मिळाला. नाहीच जमलं तर बँकेकडे लेखी तक्रार करायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी लागत नाही.

सहीबद्दल. ज्यांची दृष्टी मोठेपणी गेली त्यांचा हात सही विसरत नाही, फक्त ओळ सुटते. त्यासाठी पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची, मध्ये खाच कापलेली पट्टी वापरायची. खाच सहीच्या जागेवर ठेवायला कुणी मदत केली तरी सही आपलीच. जन्मांध मुलांना मात्र सही मुद्दाम शिकवावी लागते, आणि शाळा ती उशिरा शिकवतात असं माझं मत आहे. अंगठा उठवण्यात कमीपणा नाही, पण तो आपण निवडलेला असावा.

आता हातातल्या पैशाकडे. जुन्या नोटा लांबीवरून कळायच्या. शंभरची 157 मिलिमीटर, पाचशेची 167, म्हणजे बोटांना पुरेसा एक सेंटिमीटरचा फरक. 2016 नंतरच्या मालिकेत शंभर 142, दोनशे 146, पाचशे 150 मिलिमीटर, आणि तिघींची रुंदी एकच, 66. चार मिलिमीटर एसटीच्या गर्दीत कुणाला कळणार? त्यात जुन्या मालिकेतल्या पाचशे बाद झाल्या तरी लहान नोटा नव्यांबरोबर अजून चलनात. जुनी शंभरची नोट नव्या पाचशेपेक्षा मोठी, आणि जुनी वीसची नव्या दोनशेपेक्षा लांबीला जेमतेम मिलिमीटरभर जास्त! नोटेवर उठावाच्या खुणा आहेत खऱ्या : शंभरवर त्रिकोण, पाचशेवर वर्तुळ, कडेला शंभरच्या चार आणि पाचशेच्या पाच तिरक्या रेघा. नोट कोरी असेपर्यंत त्या लागतात. भाजीवाल्याच्या गल्ल्यातून चार वेळा फिरून आली की सगळं सपाट. रिझर्व्ह बँकेचं 2020 मध्ये आलेलं ‘मणी’ ॲप इंटरनेटशिवाय नोट ओळखून सांगतं. घरी ते उत्तम. कंडक्टर समोर थांबलेला असताना एका हातात काठी, दुसऱ्यात फोन, मग नोट धरायची कशात?

म्हणून जुना उपाय अजून टिकून आहे : पाचशे न दुमडता, दोनशे एकदा आडवी, शंभर उभी, बाकी वेगळ्या कप्प्यात. घरी आल्यावर ॲपने ओळखून, दुमडून पाकीट लावायचं. नाण्यांत वीसचं मात्र छान झालं आहे. ते बारा कडांचं असल्याने बोटांना लगेच सापडतं.

डिजिटल व्यवहारांनी बरंच सोपं केलं. दुकानातला बोलका डबा रक्कम मोठ्याने सांगतो, ती आपल्यालाही ऐकू येते. पण कार्डाच्या नव्या यंत्रांना बटणंच नाहीत, नुसती काच. पूर्वी पाचच्या बटणावरचा ठिपका शोधून पिन दाबता येई. आता दुकानदार म्हणतो, ‘पिन सांगा दादा, मी टाकतो.’ सांगू नका. रोख द्या, यूपीआय करा, नाहीतर वस्तू ठेवून या.

केवायसीत तर गंमतच. ॲप म्हणतं, कॅमेऱ्याकडे बघून पापण्या मिटा. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांना आणि अनेक अंधांना ते जमतच नाही. मुंबईचे अंध वकील अमर जैन आणि ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांच्या याचिकांवर 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे कलम 21 चा, भाग आहे. पापण्यांना पर्याय द्या, अंगठ्याचा ठसाही स्वीकारण्याची सोय पाहा, असे एकूण वीस निर्देश दिले. काउंटरवर ज्या अंगठ्याची सक्ती होती तोच ॲपला नको होता, हा विनोद कुणाला सुचला असता?

वाचक विचारतात, मग मदत घ्यायचीच नाही का? घ्यायची की. स्लिप भरायला, टोकनचा नंबर बघायला मी शेजाऱ्याला बिनदिक्कत सांगतो. मदत कुणाची, कशात आणि कुठवर, हे मी ठरवावं, इतकंच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 13 हेच सांगतं. स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळायचा हक्क त्यात आहेच, शिवाय मदत करणाऱ्याचा त्या व्यवहारात स्वतःचा स्वार्थ आड येत असेल तर त्याने बाजूला व्हावं, असंही आहे. आणि ही मदतीची व्यवस्था बदलायचा किंवा मोडायचा अधिकार दिव्यांग व्यक्तीचा. भावाबरोबरच्या जोडखात्यात वर्षानुवर्षं पैसे भरणाऱ्यांनी हे कलम कुणाकडून तरी वाचून घ्यावं. भावावर संशय घ्या असं मी म्हणत नाही. स्वतःच्या एकट्याच्या नावाने दुसरं खातं काढा, आणि पगार त्यात जमा करायला सांगा.

(पुढच्या आठवड्यात : परीक्षेतला लेखनिक – तो कुणी शोधायचा, आणि ऐनवेळी आलाच नाही तर?)