व्हॉल्व्ह घेताना गळतीची चाचणी कोणती मागावी?



उपसा योजनेची पाइपलाइन करायची म्हटली की चर्चा होते ती पाइपाच्या दराची आणि मोटारीच्या हॉर्सपॉवरची. व्हॉल्व्हची पाळी शेवटी येते आणि "चांगला, न गळणारा द्यावा" एवढ्या एका ओळीवर ऑर्डर जाते. ही ओळ पुढे कामाला येत नाही, हे आम्ही एका योजनेवर डोळ्यांनी पाहिले. ३०० मि.मी.चा नवा कोरा व्हॉल्व्ह गच्च आवळला, तरी मिनिटाला १५ लिटरची बादली भरत होती. पुरवठादार म्हणाला, "थोडी गळती चालायचीच!" थोडी म्हणजे किती, हे कागदावर कुठेच नव्हते. समिती गप्प बसली. पाणी तुटेना म्हणून खालची लाइन दुरुस्तीला उघडता आली नाही आणि ऐन एप्रिलात उसाची पाळी चुकली. ताशी ९०० लिटर म्हणजे ४ लिटरचे २२५ ड्रिपर चालतील एवढे पाणी.

गळती दोन ठिकाणची असते. पहिली व्हॉल्व्हच्या अंगातून म्हणजे बॉडीतून. ही चाचणी नेमून दिलेल्या दाबाच्या दीडपट दाबाने करतात. १० किलोच्या व्हॉल्व्हला १५ किलो. इथे एक थेंबही माफ नाही. दुसरी गळती सीटमधून, म्हणजे दार बंद असताना पलीकडे जाणारे पाणी. वाद होतो तो हिच्यावरच.

आयएसओ ५२०८ या मानकात सीटच्या गळतीला अक्षरे दिली आहेत. 'ए' म्हणजे चाचणीच्या वेळात डोळ्याला दिसेल अशी गळती नाही. 'डी' म्हणजे व्यासाच्या दर मि.मी.मागे सेकंदाला ०.१ घन मि.मी. पाणी. ३०० मि.मी.च्या व्हॉल्व्हला हे तासाला सुमारे १०८ मिलिलिटर होते. सर्वांत ढिला वर्ग 'जी', त्यातसुद्धा तासाला दोन-सव्वादोन लिटरच. म्हणजे वरच्या व्हॉल्व्हची गळती त्याच्याही चारशेपट होती! अक्षर लिहून घेतले असते तर व्हॉल्व्ह त्याच दिवशी परत गेला असता. नुसते 'आयएसओ ५२०८ प्रमाणे' लिहूनही भागत नाही. अक्षर लिहिलेच पाहिजे.

मग मागायचे काय? रबरी सीटच्या व्हॉल्व्हला 'ए' मागा. धातूवर धातू बसणाऱ्या मोठ्या व्हॉल्व्हला 'ए'चा हट्ट धरला तर किंमत चढते, आणि नदीच्या वाळूने सीट घासली की ती घट्टाई राहात नाही. अशा ठिकाणी आमच्या मते 'डी' पुरतो. पाणीपुरवठ्याच्या स्लूस व्हॉल्व्हसाठी आयएस १४८४६ आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसाठी आयएस ५३१२ ही भारतीय मानके आहेत, त्यांचे नंबर दरपत्रकात घाला. आसवनीतला हिशेब मात्र निराळा. तिथे अल्कोहोलची वाफ पेट घेते, म्हणून बंद करण्याच्या व्हॉल्व्हला ढिलाई चालत नाही. पाण्याला घट्ट असलेला व्हॉल्व्ह हवेला घट्ट असेलच असेही नाही, म्हणून तिथे हवेची चाचणीही मागावी लागते.

चाचणीला समितीचा एक माणूस स्वतः जाऊ द्या. त्याने एवढे पाहावे:

१. बॉडीची चाचणी रंग देण्यापूर्वी व्हावी. रंगाखाली बारीक छिद्र झाकले जाते.

२. पाणी भरताना आतली हवा पूर्ण काढलेली असावी.

३. सीटला ग्रीस फासलेले नसावे. ग्रीस चाचणीपुरती गळती थांबवते, पाळीपुरती नाही.

४. स्लूस व्हॉल्व्ह असेल तर सीटची चाचणी दोन्ही बाजूंनी घ्यावी.

५. दाखल्यावरचा नंबर आणि व्हॉल्व्हवर कोरलेला नंबर एकच असावा.

थेंबे थेंबे तळे साचते, तसे थेंबे थेंबे रिकामेही होते. तेव्हा दरपत्रकावर सही करण्याआधी ते एकदा गट ऑफिसात घेऊन या. आपण बसून ती एक ओळ नीट लिहू.

— ऊस विकास विभाग