नॅचेझचे पाळक

1870 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याचे विधिमंडळ जॅक्सन या राजधानीत भरले. सिनेटच्या, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहाच्या, कामकाजाची सुरुवात प्रार्थनेने व्हायची होती. नव्या सभासदांत एक कृष्णवर्णीय पाळक होते. प्रार्थना करायला त्यांना सांगितले गेले. हायरम रोड्स रेव्हेल्स उठले. त्या प्रार्थनेने सभागृह भारावले. त्यांच्याच नॅचेझ नगरातून निवडून आलेले तरुण आमदार जॉन लिंच यांनी पुढे लिहून ठेवले की, रेव्हेल्स वॉशिंग्टनच्या सिनेटचे सभासद झाले ते या प्रार्थनेमुळेच.

लिंच यांचे म्हणणे मला खरे वाटते. पण त्या काही मिनिटांमागे पंचवीस वर्षांची पायपीट होती.

रेव्हेल्स यांचा जन्म 1827 चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या फेएटव्हिलचा. आईवडील गुलाम नव्हते, त्यामुळे तेही जन्माने मुक्त. भावाच्या दुकानात त्यांनी न्हाव्याचे काम केले. मग शिकण्यासाठी उत्तरेची वाट धरली आणि 1845 साली कृष्णवर्णीयांनी स्वतः उभारलेल्या आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चची दीक्षा घेतली. इंडियाना, ओहायो, टेनेसी, केंटकी अशा अनेक राज्यांत ते उपदेश करत हिंडले. गुलामगिरीच्या राज्यांत बोलताना गुलामांना पळून जायला चिथावले असा आरोप येऊ नये, याची ते फार काळजी घेत. तरीही 1854 साली मिसुरीत कृष्णवर्णीयांपुढे उपदेश केल्याबद्दल त्यांना तुरुंगात टाकले गेले.

ज्या समाजाला मत नाही, कचेरीत जागा नाही, कित्येक राज्यांत अक्षर शिकण्याचीही मुभा नाही, त्याच्या हातात एकच संस्था होती, ती म्हणजे चर्च. वर्गणी गोळा करणे, तिचा हिशेब मंडळीपुढे मांडणे, भांडणे मिटवणे, शाळा चालवणे, भरल्या सभेत उभे राहून बोलणे ही सगळी कामे पाळकाच्या अंगवळणी पडलेली. यादवी युद्धानंतर या लोकांना मताचा हक्क मिळाला, तेव्हा उमेदवार शोधताना नजर चर्चकडे वळली, यात नवल नाही. जॉर्जियातही 1868 साली हेन्री मॅकनील टर्नर हे त्याच पंथाचे पाळक आमदार झाले होते.

युद्धात रेव्हेल्स यांनी कृष्णवर्णीय पलटणींसाठी भरती केली, सैन्यात धर्मगुरू म्हणून काम केले. 1866 साली ते नॅचेझला स्थिरावले. युद्धापूर्वी या नगरात माणसांचा मोठा बाजार भरत असे. 1868 मध्ये लष्करी गव्हर्नर अॅडेल्बर्ट एम्स यांनी त्यांना तिथे नगरसेवक नेमले. पुढच्या वर्षी नॅचेझच्या अॅडम्स कौंटीतून राज्याच्या सिनेटसाठी उमेदवार ठरेना, तेव्हा तडजोड म्हणून त्यांचे नाव पुढे आले. ते कधी राजकीय सभेला गेल्याचे किंवा राजकीय भाषण केल्याचे कोणाला ठाऊक नव्हते, असे लिंच सांगतात.

वॉशिंग्टनच्या सिनेटमधले सभासद त्या काळी जनता नव्हे, राज्याचे विधिमंडळ निवडत असे. मिसिसिपीच्या दोन्ही जागा 1861 पासून रिकाम्या होत्या. एक जागा आपल्याला हवी, असा कृष्णवर्णीय आमदारांनी आग्रह धरला आणि 81 विरुद्ध 15 मतांनी रेव्हेल्स निवडले गेले. दक्षिणेच्या बंडाचे अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यांच्या खुर्चीवर ते बसले, असे अनेकदा वाचायला मिळते. प्रत्यक्षात ती जागा अल्बर्ट ब्राऊन यांची होती.

वॉशिंग्टनमध्ये विरोधकांनी कायद्याचे पुस्तक उघडले. सिनेटर व्हायला नऊ वर्षांचे नागरिकत्व लागते. 1857 च्या ड्रेड स्कॉट निकालाप्रमाणे कृष्णवर्णीय नागरिकच नव्हते. मग हे गृहस्थ फार तर दोन-चार वर्षांचे नागरिक! देशात जन्मलेल्या, त्याच देशासाठी पलटणी उभ्या करणाऱ्या माणसाला समोर बसवून हा युक्तिवाद चालला. 25 फेब्रुवारी 1870 रोजी 48 विरुद्ध 8 मतांनी तो फेटाळला गेला आणि रेव्हेल्स यांनी शपथ घेतली. अमेरिकी काँग्रेसमधले ते पहिले कृष्णवर्णीय सभासद. पहिले भाषण त्यांनी जॉर्जियाच्या विधिमंडळातून हाकलल्या गेलेल्या कृष्णवर्णीय आमदारांसाठी केले. त्या आमदारांत टर्नरही होते.

मुदत जेमतेम वर्षाची होती. 1871 मध्ये ते परत आले आणि कृष्णवर्णीयांसाठी नव्याने निघालेल्या अल्कॉर्न विद्यापीठाचे पहिले प्रमुख झाले. 1873 साली काही काळ मिसिसिपीच्या राज्यसचिवाचे कामही त्यांच्याकडे आले. त्याच साली इकडे जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ते अर्पण केले. त्या मुक्तीचे पुढे काय होत होते, हे रेव्हेल्स यांच्या डोळ्यांसमोर घडत होते.

मिसिसिपीतली 1875 ची निवडणूक गोऱ्यांनी बंदुकीच्या धाकावर जिंकली. तेव्हा रेव्हेल्स यांनी अध्यक्ष ग्रँट यांना पत्र लिहून पराभवाचे खापर आपल्याच रिपब्लिकन पक्षातल्या भ्रष्ट पुढाऱ्यांवर फोडले. भ्रष्टाचार होता, हे खरे. पण मतदारांचे मुडदे पडत असताना हे लिहायला नको होते. सगळ्यांशी जुळवून घेण्याचा जो स्वभाव त्यांना इतकी वर्षे तारत आला, त्यानेच इथे दगा दिला. त्यांचे अनेक लोक दुखावले. मधल्या काळात गेलेले अल्कॉर्नचे प्रमुखपद मात्र नव्या राजवटीत त्यांना परत मिळाले.

1890 च्या राज्यघटनेने मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीयांचे मत जवळजवळ संपवले. रेव्हेल्स तोवर राजकारण सोडून पुन्हा उपदेशाकडे आणि धर्मशास्त्र शिकवण्याकडे वळले होते. 16 जानेवारी 1901 रोजी ॲबर्डीन गावी चर्चच्या परिषदेला गेले असताना तिथेच त्यांचे निधन झाले.