परिच्छेद-विकासात व्याख्येचे स्थान : जासई परिसरातील संज्ञांच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयीन लेखनात व्याख्या हा सर्वांत परिचित घटक आहे. प्रकल्पलेखन असो वा उत्तरपत्रिका, पहिल्याच ओळीत एखादी व्याख्या अवतरणचिन्हांत दिलेली आढळते. दुसऱ्या ओळीपासून मात्र लेखकाला तिचा विसर पडलेला असतो. व्याख्या एकीकडे राहते आणि विवेचन दुसरीकडे जाते. व्याख्येला गुण मिळतात, परिच्छेद मात्र उभा राहत नाही.

या स्थितीचे कारण केवळ विद्यार्थ्यांच्या निष्काळजीपणात शोधता येणार नाही. व्याख्या ही पाठ करून लिहावयाची वस्तू आहे, अशी समजूत शालेय वयापासून दृढ झालेली असते. व्याख्या हे परिच्छेदाचे बीज आहे आणि त्यातून पुढील वाक्ये क्रमाने उगवतात, ही बाब क्वचितच शिकविली जाते. प्रस्तुत लेखात ही प्रक्रिया स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला असून, उदाहरणांसाठी रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील जासई व परिसरात रूढ असलेल्या संज्ञा निवडल्या आहेत.

व्याख्या : संकल्पना आणि परंपरा

संस्कृतात ‘व्याख्या’ या शब्दाचा अर्थ स्पष्टीकरण, विवरण, टीका असा विस्तृत आहे. ‘व्याख्यान’ हा शब्दही त्याच धातूपासून आला आहे. आजच्या मराठीत ‘व्याख्या’ हा शब्द एका वाक्यातील नेमक्या अर्थनिश्चितीपुरता संकोचला. परिच्छेदलेखनाच्या दृष्टीने मूळचा विस्तृत अर्थ पुन्हा लक्षात घेणे उपयुक्त ठरते.

ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रानुसार व्याख्येचे दोन घटक असतात : पदार्थ ज्या वर्गात मोडतो ती जाती आणि त्या वर्गातील इतरांपासून त्याला वेगळे करणारे व्यवच्छेदक लक्षण. न्यायशास्त्राने याच्या पुढे जाऊन सदोष लक्षणाचे तीन प्रकार सांगितले. ‘शिंगे असलेली ती गाय’ असे म्हटल्यास म्हैसही त्यात येते, ही अतिव्याप्ती होय. ‘कपिल वर्णाची ती गाय’ असे म्हटल्यास पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती होय. ‘एक खूर असलेली ती गाय’ हे लक्षण कोणत्याच गाईला लागू पडत नाही, हा असंभव होय. गळ्याखालची पोळी हे गाईचे निर्दोष लक्षण मानले गेले.

तर्कशास्त्राच्या तासाला हे दोष केवळ ओळखावयाचे असतात. लेखनात मात्र त्यांचा वेगळा उपयोग होतो. व्याख्येत कोण येते, कोण येत नाही आणि कोण चुकून आत किंवा बाहेर राहते, हे तपासताना मिळणारे प्रत्येक उत्तर हे परिच्छेदाचे एक वाक्य असते.

मराठी परंपरेतही याचा उत्तम नमुना उपलब्ध आहे. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे केवळ शब्दयादीच्या रूपाने येतात. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये त्यांतील ‘अहिंसा’ या एकाच शब्दाचा दीर्घ विस्तार केला. त्यांनी प्रथम यज्ञविधी आणि वैद्यक यांच्या नावाने होणाऱ्या हिंसेकडे बोट दाखविले आणि त्यानंतर अहिंसक पुरुषाचे चालणे, पाहणे, बोलणे, हातांचे व्यवहार यांतून स्वतःचा अर्थ उभा केला. अपुरा अर्थ दूर सारणे, स्वीकृत अर्थ मांडणे आणि तो आचरणात कसा दिसतो ते दाखविणे, असा हा क्रम आहे. व्याख्याधिष्ठित परिच्छेदाचा आराखडा याहून फारसा वेगळा नसतो.

जासईचा संदर्भ

महाराष्ट्रात ज्या गावांत एखाद्या शब्दाच्या अर्थावर माणसांचे जगणे अवलंबून राहिले, त्यांत जासईचा उल्लेख करावा लागेल. नवी मुंबईच्या उभारणीसाठी सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी निश्चित करण्यात आल्या. जमिनीच्या मोबदल्याविरुद्ध झालेल्या लढ्याचे नेतृत्व जासईचे सुपुत्र दि. बा. पाटील यांनी केले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी या परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. या लढ्याचे फलित म्हणून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले.

‘साडेबारा टक्के’ ही संज्ञा परिसरातील प्रत्येक घरात उच्चारली जाते. ती स्वयंस्पष्ट वाटते. तथापि तिची व्याख्या करू लागताच प्रश्न उभे राहतात. कशाचे साडेबारा टक्के? संपादित क्षेत्राचे. कसली जमीन? मूळची शेतजमीन नव्हे, तर रस्ते, पाणी, सांडपाणी यांची सोय असलेला भूखंड. पूर्ण साडेबारा टक्के हाती येतात काय? नाही, सार्वजनिक सुविधांसाठी ३.७५ टक्के वजा होऊन ८.७५ टक्के उरतात. म्हणजे १०० गुंठे जमीन गेलेल्या शेतकऱ्याच्या वाट्याला या हिशोबाने पावणेनऊ गुंठे येतात. प्रश्नांची ही उत्तरे सलग लिहिली की परिच्छेद तयार होतो आणि त्यासाठी अलंकारिक भाषेची गरज भासत नाही.

‘प्रकल्पग्रस्त’ : एका परिच्छेदाची घडण

विद्यार्थ्यांच्या लेखनात सामान्यतः आढळणाऱ्या पद्धतीने या विषयावरील परिच्छेद असा लिहिला जाईल :

‘प्रकल्पग्रस्त म्हणजे प्रकल्पामुळे बाधित झालेली व्यक्ती होय. प्रकल्पग्रस्तांचे अनेक प्रश्न आहेत. देशाच्या विकासासाठी प्रकल्प आवश्यक असतात. शासनाने प्रकल्पग्रस्तांकडे लक्ष दिले पाहिजे.’

यातील एकही वाक्य असत्य नाही. परंतु परिच्छेद पुढे सरकत नाही. ‘ग्रस्त’ या शब्दाच्या जागी ‘बाधित’ हा शब्द ठेवल्याने व्याख्या चक्राकार झाली आहे. बाधित कोण आणि कशाने, हे न सांगितल्यामुळे पुढील वाक्यांना आधारच उरलेला नाही. आता पुढील परिच्छेद पाहावा :

‘सार्वजनिक प्रकल्पासाठी जमीन संपादित झाल्यामुळे ज्याचे राहते घर किंवा उपजीविकेचे साधन हिरावले जाते, ते कुटुंब प्रकल्पग्रस्त होय. सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार या व्याख्येत अर्थातच येतो. त्याच्या शेतात भातलावणीस जाणारी मजूर स्त्री, मिठागरात राबणारा कामगार आणि खाडीत जाळे टाकणारा कोळी यांचाही तीत समावेश होतो. कारण जमीन त्यांच्या नावावर नसली तरी त्यांची चूल त्या जमिनीवर व पाण्यावरच पेटत असते. उलटपक्षी, संपादनाची चाहूल लागल्यावर केवळ मोबदल्यासाठी जमीन विकत घेणारा गुंतवणूकदार खातेदार असूनही या व्याख्येत बसत नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा भर मोबदल्यावर हक्क सांगणाऱ्या हितसंबंधी व्यक्तीवर होता. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या २०१३ च्या कायद्याने ‘बाधित कुटुंब’ या संज्ञेत संपादनापूर्वी तीन वर्षे त्या क्षेत्रात काम करणारे व उपजीविकेस मुकणारे शेतमजूर, कुळे व कारागीर, तसेच जलाशयांवर अवलंबून असलेले मच्छीमार व नावाडी यांचा समावेश केला. व्याख्येतील या एका बदलामुळे सर्वेक्षणाच्या यादीत नाव लागण्याचा मार्ग अनेक कुटुंबांना खुला झाला.’

दुसऱ्या परिच्छेदाची रचना तपासल्यास पाच टप्पे दिसतात. प्रथम जाती व व्यवच्छेदक लक्षण यांसह व्याख्या येते. त्यानंतर निर्विवाद उदाहरण आणि पाठोपाठ सीमेवरची उदाहरणे कारणासहित येतात. चौथ्या टप्प्यात वरवर साम्य असूनही व्याख्येबाहेर राहणारे उदाहरण येते. शेवटी व्याख्येतील बदलाचा परिणाम नोंदविला जातो. प्रत्येक वाक्य पहिल्या वाक्याला उत्तरदायी आहे. एखादे वाक्य वगळल्यास कोणता प्रश्न अनुत्तरित राहतो, हे चटकन सांगता येते. परिच्छेदाच्या एकात्मतेची हीच कसोटी होय.

‘गावठाण’ : एकच स्थळ, दोन व्याख्या

काही वेळा एकाच शब्दाच्या दोन व्याख्या समोरासमोर ठेवल्याने परिच्छेद विकसित होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार गावठाण म्हणजे गाव, नगर वा शहराच्या जागेत समाविष्ट असलेली, कलम १२२ खाली निश्चित केलेली जमीन. ही व्याख्या नकाशावरील रेषेवर उभी आहे. ग्रामस्थाच्या बोलण्यातील गावठाण मात्र वंशावळीवर उभे असते. वाडवडिलांचे घर, देऊळ, विहीर आणि त्यांच्या लगत मुला-नातवंडांनी बांधलेली घरे, या सर्वांना तो गावठाणच म्हणतो.

कुटुंबे वाढली आणि रेषा मात्र जागेवर राहिली, की दोन व्याख्यांमध्ये अंतर पडते. त्या अंतरात उभ्या राहिलेल्या घराला प्रशासनाच्या भाषेत ‘अनधिकृत बांधकाम’ म्हटले जाते, तर ग्रामस्थांच्या भाषेत ते ‘गरजेपोटी बांधलेले घर’ असते. घर एकच आहे. पण पहिल्या संज्ञेपासून सुरू झालेला परिच्छेद कारवाईकडे जातो आणि दुसऱ्या संज्ञेपासून सुरू झालेला परिच्छेद नियमिततेच्या मागणीकडे जातो. व्याख्या स्वीकारतानाच युक्तिवादाची दिशा निश्चित होत असते, ही जाणीव विद्यार्थ्याला या उदाहरणातून देता येते. दोन्ही व्याख्या प्रामाणिकपणे मांडून त्यांतील अंतर कोठे आहे हे दाखविणे, हे अभ्यासपूर्ण लेखनाचे लक्षण होय.

अध्यापनातील उपयोजन व मर्यादा

वर्गात या पद्धतीचा अवलंब करताना कोशातील शब्दाऐवजी विद्यार्थ्यांच्या परिसरातील शब्दापासून आरंभ करणे इष्ट ठरते. खारबंदिस्ती, मिठागर, कुळ, आगरी, वहिवाट यांसारखे शब्द विद्यार्थ्याला अनुभवाने ठाऊक असतात; त्यांची व्याख्या मात्र त्याला स्वतः घडवावी लागते. प्रथम एका वाक्यात व्याख्या लिहून घ्यावी. नंतर वर्गातील इतरांनी त्या व्याख्येत न बसणारी उदाहरणे सुचवावीत. अतिव्याप्ती किंवा अव्याप्ती आढळल्यास व्याख्या दुरुस्त करावी आणि दुरुस्तीची कारणे लिहावीत. या कारणांतूनच परिच्छेदाचा मधला भाग आकार घेतो.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. प्रत्येक परिच्छेदाचा आरंभ व्याख्येने करणे युक्त नाही. ‘घर’, ‘पाऊस’ यांसारख्या सर्वपरिचित शब्दांची कोशगत व्याख्या वाचकाचा वेळ घेते, माहितीत भर घालीत नाही. ज्या शब्दाच्या अर्थाविषयी मतभेद आहे, जो पारिभाषिक आहे किंवा जो लेखक विशिष्ट अर्थाने योजीत आहे, त्याचीच व्याख्या करावी. तसेच एकदा स्वीकारलेला अर्थ लेखाच्या अखेरपर्यंत कायम राखावा. आरंभी ‘शेतकरी’ या शब्दात कुळाचा समावेश करून निष्कर्षात केवळ खातेदाराचा विचार केल्यास संपूर्ण मांडणी सदोष ठरते.

समारोप

व्याख्या ही परिच्छेदाची शोभा नसून त्याची जबाबदारी आहे. ती कोणाला सामावून घेते, कोणाला वगळते आणि त्याने काय फरक पडतो, या तीन प्रश्नांची उत्तरे दिल्यावाचून परिच्छेद पूर्ण होत नाही. जासईसारख्या परिसरातील विद्यार्थ्याच्या बाबतीत हे कौशल्य परीक्षेपुरते मर्यादित राहत नाही. उद्या त्याच्या घरी एखादी अधिसूचना येईल, तेव्हा तिच्या आरंभी व्याख्यांचे कलम असेल. त्या कलमात आपले कुटुंब कोठे बसते हे वाचता येणे आणि बसत नसल्यास का बसावे हे एका सुसंगत परिच्छेदात लिहून विहित मुदतीत हरकत नोंदविता येणे, यासाठी लागणारी तयारी भाषेच्या वर्गातच होऊ शकते. व्याख्या पाठ करून घेण्याइतकाच वेळ ती तपासून पाहण्यास दिला गेला, तर ही तयारी अवघड नाही.