दमास्कस नळीची दुनळी
भंडाऱ्याकडच्या एखाद्या मालगुजारी वाड्यात पणजोबांची दुनळी निघाली, तर आधी नळीवरची नक्षी बघावी. तपकिरी रंगात लाटा उमटलेल्या दिसल्या, तर ती दमास्कस नळी. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळायच्या, दांड्याभोवती गुंडाळायच्या आणि तापवून ठोकून सांधायच्या, अशी तिची घडण. ती काळ्या दारूसाठी होती. आजच्या काडतुसातली धूरविरहित दारू नायट्रोसेल्युलोजची. तिचा दाब जुन्या सांध्यांना झेपेलच असे नाही, आणि आतला गंज बाहेरून दिसत नाही.

नळ्या सोडवून टांगाव्यात, टिचकी मारावी. घंटेसारखा नाद आला तर दोन नळ्यांना जोडणाऱ्या मधल्या पट्टीचा टाका बहुधा शाबूत. बद्द आवाज आला तर सुटलेला.

चकाकीचा मोह मात्र आवरावा. पॉलिशच्या चाकावर नक्षी जाते, चाचणीचे शिक्के पुसतात, किंमतही उतरते. कुंद्याला जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरे; हवेतला ऑक्सिजन घेऊन ते कडक थर धरते.

वारशात आलेल्या बंदुकीलाही १९५९ चा शस्त्र कायदा लागू होतो. परवाना नसेल तर ती आधी पोलीस ठाण्यात जमा करा. दुरुस्तीही परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्या.