स्टॉलचं तिकीट, महालाचा जिना

मुंबई सेंट्रलच्या एस. टी. आगाराजवळ सकाळी अकराच्या सुमारास मराठा मंदिरच्या तिकीटखिडकीपाशी जमणारी माणसं एकदा नीट पाहावीत. रात्रीच्या गाडीने उतरलेला आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत कुठे टेकायचं या विवंचनेतला प्रवासी, दुपारच्या पाळीआधी मोकळा असलेला कामगार, घरी न सांगता आलेलं कॉलेजातलं जोडपं. साडेअकराला 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' सुरू होतो. २० ऑक्टोबर १९९५ला प्रदर्शित झालेला हा सिनेमा इथे तीस वर्षं टिकला, त्याचं श्रेय सगळेच शाहरुख-काजोलला देतात. मला मात्र त्यातला मोठा वाटा या गर्दीचा वाटतो.

त्याचा पुरावा २०१५ सालातच मिळाला. हा खेळ सकाळी सव्वानऊला ढकलला गेला आणि प्रेक्षक रोडावले. फेब्रुवारीत, १,००९ आठवड्यांनंतर, सिनेमा उतरवायचं ठरलं. बातमी फुटताच लोक हळहळले, थिएटरात फोन खणखणू लागले आणि काही दिवसांतच खेळ पुन्हा साडेअकराला लागला. तो आजवर चालला, कारण साडेअकरा ही त्या वस्तीच्या सोयीची वेळ आहे आणि तिकीट शंभराच्या आत आहे. पडद्यावरची शेवटची गाडी हलली, की आजही शिट्ट्या पडतात. शिट्टी वाजवणाऱ्याला संवाद पाठ असतात. ते म्हणायलाच तर तो आलेला असतो.

मराठा मंदिर १९५८ साली सुरू झालं. ५ ऑगस्ट १९६०ला इथे 'मुगल-ए-आझम' लागला, तेव्हा त्याची रिळं सजवलेल्या हत्तीवरून आणली होती. आगाऊ तिकिटांसाठी लोकांनी रस्त्यावर मुक्काम ठोकला आणि घरचे डबे रांगेत पोहोचले. आसनं हजाराच्या वर, तरी तिकीट मिळेना. हा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. त्यात एक गोष्ट निसटते. आत शिरलेला माणूस, तिकीट कितीचंही असो, त्याच दिवाणखान्यात उभा राहत होता, तोच जिना पाहत होता. चाळीतल्या खोलीत सात-आठ जणांत राहणाऱ्याला तीन तास उंच छत, थंड हवा आणि पाठ टेकायला स्वतःची खुर्ची मिळत होती. जुन्या थिएटरांवरच्या मायेचं मूळ मला इथे दिसतं.

मुंबईला या मायेची सवय फार जुनी. गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ३ मे १९१३ला 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. १४ मार्च १९३१ला मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' बोलू लागला. १९३६ साली सेंट्रल थिएटरात प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' लागला आणि वर्षभराहून अधिक काळ चालला. ही तिन्ही थिएटरं आज त्या रूपात नाहीत. मॅजेस्टिकच्या जागी दुकानांची इमारत आहे.

पण या सगळ्या प्रवासात डोळे भरून पाहावं असं एक थिएटर आहे ते मरीन लाइन्सचं लिबर्टी. ते उभं राहिलं त्या काळात दक्षिण मुंबईतल्या देखण्या थिएटरांत इंग्रजी सिनेमे लागत. रीगल १९३३चं, मेट्रो आणि इरॉस १९३८ची. तिथला थाट साहेबी. लिबर्टीचे मालक हबीब हुसेन यांनी ठरवलं, की हिंदी सिनेमालाही तसलंच घर हवं. देश स्वतंत्र झाला त्याच सुमारास बांधकाम चाललं होतं, त्यावरूनच नाव पडलं, आणि १९४९ साली मेहबूब खान यांच्या 'अंदाज'ने पडदा उघडला. आतली सजावट वामन नामजोशी या मराठी वास्तुकाराची. पडद्याच्या दोन्ही बाजूंना त्यांनी गोठलेल्या कारंज्यांसारखी नक्षी उभी केली. एकावर एक झुलणारे पांढरे थर, त्यांच्या आड लपवलेले दिवे. खेळाआधी ते मंद होऊ लागतात तसा हजारभर माणसांचा गलका आपोआप खाली येतो. गप्प बसा म्हणून कोणाला सांगावं लागत नाही. भिंतींना लाकडाचं आवरण, त्यामुळे आवाज घुमत नाही. याच नामजोशींनी पुढे जयपूरचं राजमंदिर उभारलं, १९७६ साली सुरू झालेलं. ते पाहायला आज परदेशी पाहुणेही तिकीट काढतात. महाराष्ट्रात मात्र त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नटांच्या जयंत्या आपण साजऱ्या करतो. ज्याने आपल्याला बसवलं, त्याची आठवण ठेवत नाही.

लिबर्टीत १९९४ साली 'हम आपके हैं कौन' लागला आणि शंभर आठवड्यांच्या पुढे गेला. घरातल्या बायका लग्नाला निघाल्यासारख्या नटून सहकुटुंब येत. टीव्ही आणि व्हिडिओने थिएटरं ओस पाडली होती त्या काळात हे घडलं, म्हणून त्याचं मोल.

लालबागच्या भारतमाताला कारंजी नाहीत. गिरणगावातलं हे थिएटर पाळी सुटल्यावर येणाऱ्या कामगाराचं. मराठी सिनेमाला इथे हक्काचा पडदा मिळाला आणि तिकीट गिरणगावाला परवडेल असंच राहिलं. जागा वस्त्रोद्योग महामंडळाची असल्याने थिएटर जाणार अशी आवई उठली, तेव्हा कलावंतांबरोबर वस्तीही उभी राहिली. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या प्रभात थिएटरवर लोकांचा असाच जीव होता. तिथे १९९१ सालच्या 'माहेरची साडी'ला डोळे पुसत बाहेर पडणाऱ्या बायकांची गर्दी पुणेकर अजून सांगतात.

मग ही थिएटरं मोडकळीला का आली? लोकांचं प्रेम आटलं, हे उत्तर मला पटत नाही. करमणूक कराचा बोजा वर्षानुवर्षं एकपडदा थिएटरांच्या मानेवर होता, आणि २००१च्या सुमारास राज्यात मल्टिप्लेक्सना त्याच करात भरघोस सवलत मिळाली. हजार खुर्च्यांच्या घराला एकच सिनेमा. तो पडला तर आठवडा बुडाला. चार पडद्यांवाल्याला पडलेला सिनेमा लहान पडद्यावर सरकवता येतो. वीज, डागडुजी आणि डोअरकीपरपासून प्रोजेक्शन केबिनपर्यंतचे पगार मात्र खुर्च्या रिकाम्या असल्या तरी चुकत नाहीत. २०२०च्या टाळेबंदीने उरलेलं त्राण काढून घेतलं.

या अर्थकारणात प्रेमाला जागा आहे, पण ते तिकिटातून दिसावं लागतं. थिएटर बंद होताना पाटीपुढे उभं राहून फोटो काढणाऱ्यांची मोठी गर्दी होते. त्यांच्या हळहळीवर मी शंका घेत नाही. तरी थिएटर तगतं ते मंगळवारी दुपारी पंखा आणि सावली शोधत आलेल्या माणसावर. मराठा मंदिरने तो माणूस सांभाळला. खेळाची वेळ त्याच्या सोयीची ठेवली, दर त्याच्या आवाक्यातले ठेवले, आणि त्यानेही साथ सोडली नाही.

चर्चगेटचं इरॉस काही वर्षं बंद राहून २०२४ साली पुन्हा उघडलं. रीगलप्रमाणे तेही २०१८ साली जागतिक वारसा ठरलेल्या मुंबईच्या आर्ट डेको इमारतींपैकी एक आहे, त्यामुळे बाहेरचं रूप जपलं गेलं, याचा आनंद आहेच. आत आता आयमॅक्सचा अजस्र पडदा आहे आणि हजाराहून जास्त खुर्च्यांच्या जागी तीनशेच्या आसपास. पडदा, आवाज उत्तम. पण स्टॉल गेला, आणि त्याच्याबरोबर कमी दराचं तिकीट काढून त्याच दारातून आत शिरणारा प्रेक्षकही गेला. वारशाच्या यादीत इमारतीची नोंद होते, तिकिटाच्या दराची होत नाही. पुढच्या थिएटराचा आराखडा मंजूर करताना पालिकेने आणि मालकाने दिवसातला निदान एक खेळ तरी जुन्या स्टॉलच्या दरात ठेवावा, आणि तो वस्तीला सोयीच्या वेळी ठेवावा.